तिन्हीसांजेचा भाडेकरू

मी एक जुनी लोखंडी खाट आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम वाघोलीतल्या एका चारमजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाण्याची मोटर आणि दोन मोटारसायकली यांच्या मधोमध आहे. मी चार पायांवर उभी आहे आणि जन्मापासून उभीच आहे. आडवं व्हायचं ते माणसांनी, आणि त्यांचं ओझं सोसायचं ते मी, असा आमचा करार आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा शीण ऐकू आला, तर रागावू नका. वयच तसं झालं आहे.

माझा जन्म भवानी पेठेतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. लोखंडाचे चार पाय, कडेनं चौकट आणि मध्ये आडव्याउभ्या विणलेल्या पट्ट्या, एवढाच माझा देह. वर हिरवा रंग चढवला तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते. मला विकत घ्यायला श्यामसुंदर नावाचे एक गृहस्थ आले. बँकेत कारकून होते. त्यांनी माझा एकेक सांधा दाबून पाहिला, वर बसून दोनदा हिंदकळले आणि दुकानदाराला विचारलं, "टिकेल ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त टिकेल," दुकानदार म्हणाला.

ते खरं ठरलं. त्याचा मला आनंद नाही.

श्यामसुंदर आणि त्यांच्या पत्नी हेमाताई शनिवार पेठेत राहत. बाहेरची खोली त्यांनी शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ठेवली होती आणि ती 'कॉट बेसिस'वर दिली जाई. तुमच्यापैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगते. यात खोली मिळत नाही, खोलीतली एक खाट मिळते. खाटेवर तुम्ही, खाटेखाली तुमची ट्रंक, आणि बाकीची खोली मालकाची. त्या खोलीत आम्ही तिघी बहिणी होतो आणि खिडकीखालची जागा माझी होती.

हेमाताई शाळेत शिकवत आणि घरी आल्यावरही शिकवणं थांबवत नसत. नवा मुलगा आला की त्याला दारातच ऐकवत, "जागा मिळेल. समजूतदारपणा मात्र घरून आणावा लागेल, तो आम्ही देत नाही." मुलं घाबरत. पुढे त्यातलाच एखादा तापानं फणफणला की याच बाई उशाशी बसून त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत आणि वर त्यालाच रागवत, "आजारी पडायचं होतं तर परीक्षेनंतर पडायचं!"

मी किती मुलं सांभाळली याचा हिशेब ठेवला नाही. उदगीरची होती, चाळीसगावची होती, सावंतवाडीची होती. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखीच होती. नव्या जागेत आलेलं पोर पहिल्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतं. झोपतं म्हणजे तसं दाखवतं. माझ्या पट्ट्यांना सगळं कळतं. एकदा उदगीरहून एकाची आई त्याला सोडायला आली होती. जाताना तिनं माझ्या चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, माझ्या लेकराला नीट ठेव." माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेली एवढीच शाबासकी, आणि तीही काम करायच्या आधी मिळालेली.

मग श्यामसुंदर गेले. काही वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि हेमाताई खराडीला मुलाकडे, सलिलकडे, राहायला गेल्या. सलिलच्या घरात पांढऱ्याशुभ्र भिंती आणि पोटात सामान ठेवायचे मोठाले पलंग. तिथे गंजकी खाट कशी शोभणार? त्यानं आम्हा तिघींना भंगारवाल्याच्या हवाली केलं. हेमाताई दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या काहीच बोलत नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

माझ्या दोन बहिणी वितळल्या. मी कशी वाचले कोण जाणे. जुन्या बाजारात एका भिंतीला टेकून कितीतरी महिने उन्हातान्हात पडून होते. कोंबड्या माझ्यावर चढायच्या. माणसाची पाठ लागायची सवय असलेल्या खाटेला कोंबडीचे पाय लागावेत, यापरता अपमान नाही.

तिथून मला उचललं ते गेनबानं. गेनबा वाघोलीचा शेतकरी. गाव शहरात आलं, शेताच्या कडेनं रस्ता आला, आणि त्याच्या मुलानं, रणजितनं, शेतातच ही इमारत उभी केली. पहिल्या मजल्यावर घरचे राहतात आणि वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या आहेत. गेनबाला मुलानं जाड गादीचा पलंग दिला होता, पण त्याच्या पाठीला तो मानवेना. "चिखलात रुतलेल्या बैलागत होतंय," असं तो म्हणायचा. म्हणून त्यानं मला आणलं आणि पार्किंगमध्ये मांडलं. येणाऱ्याजाणाऱ्याला 'राम राम' घालत तो तिथेच बसायचा आणि रात्री तिथेच झोपायचा. माझ्या मनात आलं, चला, म्हातारपणी एकाच माणसाचं ओझं राहिलं. आता विसावा.

पण विसावा म्हणजे नक्की काय, हे मला अजून कळायचं आहे.

ऑक्टोबरमधली गोष्ट आहे. भर दुपारी एक मुलगा चाक मोडलेली बॅग खरडत फाटकात आला. उंच, काळासावळा, अंगातला शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्याचं नाव चिसोमो. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथून तो कॉम्प्युटर शिकायला आला होता. गेनबा तेव्हा उरलेल्या चार गुंठ्यांत मका बघायला गेला होता. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेनबाची सून मैना उभी होती. भाड्याचा सगळा कारभार तिच्याच हातात. तिनं आपल्या मुलीला, शेफालीला, विचारायला खाली पाठवलं. शेफाली कॉलेजात जाते आणि इंग्रजी फाडफाड बोलते. मुलाला खोली हवी होती.

"सगळं भरलंय म्हणावं," मैना वरूनच म्हणाली.

खोटं बोलताना मैनाचा आवाज नेहमी थोडा चढतो. तिसऱ्या मजल्यावरची खोली दिवाळीआधी रंगवून, कुलूप लावून मोकळी ठेवलेली होती. शेफालीनं एकदा वर पाहिलं आणि त्या मुलाला सांगितलं, "सॉरी हं, फुल आहे." मुलानं दोन्ही तळहात पोकळ करून, थोडं वाकून, हळूच टाळी वाजवली. त्यांच्याकडे आभार असे मानतात, हे आम्हाला फार पुढे कळलं. मैनाला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. ती दार लावून आत गेली.

मैना वाईट नाही, हे आधीच सांगते. मागे एका भाडेकरूनं काहीतरी उपद्व्याप केला होता आणि रणजितला दिवसभर चौकीत बसून राहावं लागलं होतं. तेव्हापासून पोलीस म्हटलं की ती चार हात लांब राहते. आणि परदेशी माणूस ठेवायचा तर घरमालकानं पोलिसांना कळवावंच लागतं. नको ती ब्याद, असा तिचा साधा हिशेब. गंमत अशी की गावातल्या सगळ्याच घरमालकांचा हिशेब तोच होता, आणि सगळ्यांचे साधे हिशेब मिळून त्या एका पोराच्या डोक्यावर बसले होते.

त्याची कथा मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळली. मलावीतून निघण्यापूर्वी एका एजंटानं त्याला फोटो दाखवून खोली पक्की केली होती. इथे आल्यावर मालकानं त्याचा चेहरा पाहिला आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत तो काही दिवस राहिला, पण ती पुढच्या पाहुण्यांना द्यायची होती. कुठे 'फक्त फॅमिली' तर कुठे 'फक्त व्हेज'. एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं तर, "आमची काहीच हरकत नाही हो, बाकीच्यांना चालणार नाही," असं गोड बोलून फाटक लावून घेतलं. राहत्या जागेचा मालक पोलिसांना कळवत नाही तोवर सरकारदरबारी त्याची नोंद होईना, आणि नोंद नाही तोवर कॉलेजचा प्रवेश पक्का होईना. जागा मिळाली नसती तर त्याला परत जावं लागलं असतं. त्याला निरोप द्यायला त्याच्या गावच्या चर्चमधली सगळी गाणारी मंडळी बसस्टँडवर आली होती. त्यांच्यासमोर हात हलवत परत कसं जायचं?

त्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा आमच्याच फाटकात आला. मुद्दाम आला नव्हता. दिवसभर वाघोली पालथी घालून त्याला सगळ्या इमारती सारख्याच दिसू लागल्या होत्या, आणि ही दुपारचीच आहे हे त्याला ओळखू आलं नाही. मैना नुकताच तुळशीपाशी दिवा लावून वळली होती. गेनबा माझ्यावर बसून हात जोडत होता.

"ह्यो दुपारीच येऊन गेलाय," मैना पुटपुटली. "आपल्यात जागा न्हाई म्हणून सांगितलंय त्याला."

"दिवा लागलाय, मैना," गेनबा म्हणाला. "तिन्हीसांजंला दारात आलेला माणूस माघारी लावत न्हाईत."

मैनाला ते मोडता येईना. तिच्या माहेरीही हेच सांगतात. शेफालीनं मुलाला इंग्रजीत समजावलं, की दिवेलागणीला आलेल्या माणसाला आमच्याकडे परत पाठवत नाहीत, आजची रात्र राहा. त्यानं ते सावकाश पुन्हा स्वतःशी म्हटलं, एखादा नियम पाठ करावा तसं. मैनानं ताट खाली पाठवलं. पिठलंभाकरी त्यानं हातानं मोडून अशी सराईतपणे खाल्ली, की गेनबा एकदम खूश झाला. त्यांच्याकडेही मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असाच हातानं मोडून खातात म्हणे. चिसोमो हे नाव काही गेनबाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यानं त्याचा सोमा करून टाकला.

झोपायची वेळ झाली तसं गेनबानं मला थोपटलं आणि झोप म्हणून खूण केली. पोरानं मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला खाली ठेवून आपण वर झोपायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. तो बॅगेतलं कापड अंथरून सरळ फरशीवर बसला. गेनबालाही पाहुण्याला फरशीवर झोपवून आपण खाटेवर पडायचं जमणारं नव्हतं. त्यानं घोंगडी घेतली आणि दुसऱ्या बाजूनं खाली अंथरली. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि माघार दोघांनाही येत नव्हती. अशी ती रात्र गेली. दोघं फरशीवर झोपले आणि मी मधोमध मोकळी उभी राहिले. मोकळं राहण्यानंही शीण येतो, हे मला त्या रात्री समजलं.

सकाळी मैना चहा घेऊन आली आणि दोघांना खाली पाहून कपाळावर हात मारून घेतला. आज दुसरी जागा शोध, असं तिनं शेफालीकरवी सोमाला सांगितलं. तो गेला. संध्याकाळी दिवा लागला आणि तो फाटकात हजर. पुन्हा तेच. मैना सकाळी त्याला घालवायची आणि संध्याकाळी तिला बोलता यायचं नाही, कारण दिवा तिनं स्वतःच्याच हातानं लावलेला असायचा. आणि रोज रात्री तीच झोंबाझोंबी. "तू वर झोप." "न्हाई, तू वर." शेवटी दोघंही खाली आणि मी मोकळी. सौजन्याचाही कधीकधी कंटाळा येतो, मित्रांनो.

फरशी कुणाचं सौजन्य पाहत नाही. एके सकाळी गेनबाची पाठ धरली. त्याला उठता येईना, कुशीवरही वळता येईना. सोमानं त्याच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि लहान मुलाला उचलावं तसं अलगद उचलून माझ्यावर ठेवलं. तेवढ्यात मैना चहा घेऊन आली. सासऱ्याची ती अवस्था पाहून तिनं कप फरशीवर आदळला.

"काय हे आबा! म्हातारपणी भुईवर लोळायचं वय हाय का हे? गाव काय म्हणंल, सुनेनं सासऱ्याची खाट भाड्यानं दिली?"

गेनबा कण्हत होता, पण बोलायचा थांबला नाही.

"वर खोली मोकळी, खाली खाट मोकळी, आन् माणसं फरशीवर. मैना, आपण घर बांधलंय का गोदाम?"

शेफाली जिन्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, पोलिसांना कळवायचं ते मोबाइलवरून ऑनलाइन होतं. चौकीत बसावं लागत नाही. मी करते ना." मैनानं तिच्याकडे असं पाहिलं, की हे इतके दिवस का सांगितलं नाहीस. शेफाली म्हणाली, सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. मैना वर गेली आणि तिसऱ्या मजल्याची किल्ली घेऊन खाली आली. तिनं ती सोमाच्या हातात दिली नाही. माझ्या पायथ्याशी टाकली.

"घे. आन् आजपासून आबा खाटंवर, तू वर. माझा म्हातारा मला धड पायजे."

ती किल्ली मायेपोटी दिली गेली नाही. रागानं दिली गेली. पण या जगात पुष्कळ चांगली कामं रागाच्याच हातून होतात, हे मी शनिवार पेठेत शिकले होते. सोमानं ती उचलली, वाकला आणि पोकळ तळहातांनी हळूच टाळी वाजवली. यावेळी शेफालीनं आईला त्याचा अर्थ सांगितला. मैना रिकामा कप घेऊन निघून गेली.

शेफालीनं पोलिसांना कळवलं, रणजितनं कुरकुरत सह्या केल्या, आणि सोमाची नोंद होऊन प्रवेश पक्का झाला. गेनबाची पाठ शेकून शेकून ताळ्यावर आली. मला माझं एकाच माणसाचं ओझं परत मिळालं. सगळं संपलं, असं मला वाटलं.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट येत होती. सोमा सकाळी लवकर जायचा आणि दिवा लागल्यावर यायचा. मधल्या वेळात कधी म्हणजे कधी नाही. गेनबा म्हणायचा, पोरगं अभ्यासाचा किडा हाय. मग दिवाळीची सुट्टी लागली. कॉलेज बंद. पोरगं तरीही सकाळी बाहेर पडलं ते संध्याकाळीच आलं. दुसऱ्या दिवशी तेच. आमच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. मला ती इथून दिसते. तिच्या बाकावर, पत्र्याच्या झळेत, पाठ भिंतीला टेकून तो दिवसभर बसून असायचा.

शेफालीनं त्याला तिथे पाहिलं आणि जाऊन विचारलं. किल्ली हरवली का? नाही, खिशात होती. मग वर का नाही जात? त्यानं सांगितलं ते ऐकून ती हसत हसत परत आली. आईला म्हणाली, "अगं, त्याला वाटतंय दिवा लागल्याशिवाय आपल्या घरात यायचं नसतं. म्हणतो, दुपारी आलो तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, दिवा लागल्यावर हो म्हणालात. तुमचा नियम मला मोडायचा नव्हता."

मैना हसली नाही. शेफालीचंही हसू मग विरून गेलं. माझ्यावर बसलेला गेनबा जमिनीकडे बघत राहिला. किल्ली खिशात ठेवून एक पोरगं इतके दिवस उन्हात बसून होतं, कारण आम्ही त्याला तेवढंच शिकवलं होतं.

मैनानं पदर डोक्यावर घेतला आणि फाटक उघडून रस्ता ओलांडला. टपरीवर पुरुषमाणसांत ती कधी पाऊल ठेवत नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. ती त्याच्या बाकासमोर जाऊन उभी राहिली आणि तिचं बोलणं मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं, कारण आज खोटं बोलत नसूनही तिचा आवाज चढला होता.

"ऊठ. घर हाय ते, देऊळ न्हाई, दुपारचं बंद ठेवायला. पुन्हा इथं बसलेला दिसलास तर बघ."

त्याला शब्द कळले नसावेत. पण ती त्याची पुस्तकांची बॅग उचलून चालू लागली, तसा तो मागोमाग आला. दोघं माझ्या शेजारून गेले. जिन्याशी मैना थांबली, बॅग त्याच्या हातात दिली आणि बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ दिलं. तो भर दुपारी वर चढला. बऱ्याच वेळानं तिसऱ्या मजल्याची कडी वाजली. मैना माझ्या कडेवर, गेनबाच्या शेजारी टेकली. सासऱ्यासमोर ती कधी बसत नाही.

"दारात आलं होतं आबा," ती म्हणाली. "दुपारी. मीच न्हाई म्हटलं."

गेनबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दोघांचं ओझं मला त्या दिवशी जड वाटलं नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबतीण नाही. एका पायाला गंज चढला आहे, मधल्या दोन पट्ट्या सैल झाल्या आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला वर्षातून एकदा रंगाचा हात द्या आणि तिच्यावर ओले कपडे वाळत घालू नका, एवढं माझं स्वतःसाठी मागणं आहे. दुसरं मागणं माझ्यासाठी नाही. तुमच्या शहरात शिकायला येणारं पोर कुठल्याही मुलखाचं असो, पहिल्या रात्री ते भिंतीकडेच तोंड करून झोपतं, आणि त्यासाठी आधी त्याला एक भिंत लागते. ते दारात आलं, तर दिवे लागायची वाट बघू नका. दुपारीच आत घ्या.